सहा ते सातमधला पाहुणा

थोरली त्या घरात सून होऊन आली तेव्हा घरात एकच मुष्टियोद्धा होता, तिचा नवरा. धाकटा दीर तेव्हा शाळेत होता आणि दादाच्या हातमोज्यांत हात घालून आरशापुढे नाचायचा. आता बावीस वर्षांनी अजिंक्यपदाचा पट्टा धाकट्याच्या कमरेला होता, आणि थोरलीचा नवरा त्याच्याच कोपऱ्यात बादली आणि स्पंज घेऊन उभा राहायचा. फेरी संपली की स्टूल सरकवायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि खाली उतरायचं. टीव्हीवर त्याची फक्त पाठ दिसायची.

याला कारण थोरलीच होती.

ऐन भरात असताना त्याचे गुडघे दुखायला लागले. थोरलीने बाजारातल्या दुकानातून ताकदीची सुटी पूड आणली आणि तीन आठवडे त्याला न सांगता रोज दुधात ढवळून दिली. औषध म्हटलं की तो नाक मुरडायचा, म्हणून गुपचूप. उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीच्या अर्जावर आठवडाभरात काय काय घेतलं ते लिहावं लागतं. त्याने बिचाऱ्याने लिहिलं, ‘काही नाही.’ पूड कसल्या भेसळीची होती देव जाणे. नमुना दोषी निघाला आणि दोन वर्षांची बंदी बसली. ती संपली तेव्हा तो चौतिशी गाठून बसला होता. बायकोला तो एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुष्कळदा वाटे.

मग धाकटी जाऊ आली. हसतमुख, चटपटीत, दिसायला देखणी. आल्या आल्या तिने स्वयंपाकघरातल्या एका कपाटाला कुलूप लावलं. “ताई, राग मानू नका हं. ह्यांचं खाणंपिणं मीच बघेन. एकदा घरात झालंय ना तसलं, म्हणून.” थोरली “बरं” म्हणाली, पण अंगाचा तिळपापड झाला. धाकट्याच्या मुठीला गुंडाळायच्या लांबच लांब पट्ट्या थोरलीने धुवायच्या, वाळवायच्या, घट्ट गुंडाळून ठेवायच्या. ते चालत होतं. दूध मात्र तिच्या हातचं चालत नव्हतं.

धाकटीचे फोटो छापून यायचे, नवऱ्याच्या दंडाला धरून. थोरली रोज देवापुढे बसायची, मन लावून जप करायची आणि म्हणायची, “सगळ्यांना सुखी ठेव.” त्या ‘सगळ्यांना’मध्ये धाकटीला बसवताना तिला दर वेळी जरा सरकून जागा करावी लागायची.

धाकट्याला एक जाच होता. रोज एक तास कुठे सापडेन ते त्याने संघटनेला कळवून ठेवायचं, आणि त्या तासात चाचणीवाले कधीही येऊन लघवीचा नमुना मागणार. वर्षात तीनदा सापडला नाही तर दोन वर्षं बंदी. त्याचा तास होता सकाळी सहा ते सात. त्या वर्षात दोनदा तो हुकला होता. तेव्हापासून धाकटीने दाराशी कागद चिकटवला होता: ‘सहा ते सात बेल वाजली तर आधी वर हाक मारा.’ बेल फक्त खालीच ऐकू यायची आणि धाकटी दोघं राहायची माडीवर.

त्या दिवशी थोरलीचा नवरा तालमीचं दार उघडायला गेला होता. सहा वाजून आठ मिनिटांनी बेल वाजली. दारात एक उंच माणूस आणि एक चष्मेवाली बाई, गळ्यात ओळखपत्रं, हातात सीलबंद पेटी.

“चॅम्पियन घरात आहेत?”

कागद डोळ्यांसमोर होता. थोरलीने तो वाचलासुद्धा. आणि तिच्या तोंडून निघालं, “नाहीत. पळायला गेलेत.”

“मग आम्ही सातपर्यंत इथेच बसतो. पूर्ण तास थांबावं लागतं, नियम आहे,” म्हणत तो माणूस बाहेरच्या बाकावर टेकला.

“चहा टाकू?”

“नको बाई. कामावर असताना कुणाच्या घरचं घेत नाही आम्ही.”

घ्या! ह्यांनाही माझ्या हातचं नको, थोरलीच्या मनात आलं.

ती देवापुढे जाऊन बसली. जप सुरू केला, पण आकडा जमेना. दोन वर्षं. आता धाकटीही बघेल दोन वर्षं नवरा घरात बसलेला कसा दिसतो. फोटो बंद, सत्कार बंद. गोड वाटलं, अगदी जिभेवर गोड. मग भीती वाटली. देवासमोर बसून आपण कसला घास चघळतोय? ह्या पोराला मी लहानाचं मोठं केलं. साडेसहा झाले होते. ती उठली आणि त्याला उठवायला जिना चढू लागली.

अर्ध्या जिन्यात धाकटी उभी होती, पायात चप्पल नाही, केस मोकळे. तिने थोरलीचे दोन्ही हात धरले.

“ताई, खिडकीतून ऐकलं मी. देवासारख्या धावलात हो! मी मनात म्हणत होते, ताई ‘नाहीत’ म्हणतील का, ‘नाहीत’ म्हणतील का.”

थोरलीला काही उमगेना. “अगं, पण बंदी बसेल ना? तिसरी वेळ आहे ही.”

“बसू दे. दोनच वर्षं बसेल. नमुन्यात सापडले तर चार. आता नियम कडक झालेत.”

“सापडतील कसे?”

धाकटी जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिली. “खांदा साथ देत नव्हता. डॉक्टरांनी सुया दिल्या, दोन महिने झाले. सगळेच घेतात हो ताई.”

“आमच्या ह्यांनी नव्हतं घेतलं.”

“नव्हतंच. तुम्ही पाजलंत त्यांना.”

हे धाकटी कुजबुजत, जवळजवळ लाडाने म्हणाली. थोरलीने आपले हात सोडवून घेतले. तिच्या डोक्यात हिशेब मात्र लख्ख उभा राहिला. ज्याला ठाऊकही नव्हतं त्याने दोन वर्षं भोगली, आणि जाणूनबुजून सुया टोचून घेणाऱ्यालाही दोनच? तीही माझ्याच खोट्याच्या आडोशाने? बादलीवाल्यालाही दोन, पट्टा मिरवणाऱ्यालाही दोन?

“ताई, कुठे निघालात? ताई!”

ती खाली आली. दार उघडलं. पावणेसात होत आले होते.

“मघाशी मी खोटं बोलले,” ती म्हणाली. “वर झोपलेत. डावीकडची खोली.”

उंच माणसाने घड्याळात वेळ पाहिली, कागदावर लिहिली आणि पेटी उचलली.

नमुना दोषी निघाला. चार वर्षांची बंदी बसली, पट्टा काढून घेतला. तालमीत थोरलीचं नाव झालं. बाई देवभक्त, घरच्या माणसालाही पाठीशी घातलं नाही, असं लोक म्हणू लागले. थोरलीच्या नवऱ्याला मात्र कुणाची बादली उरली नाही. तिचं कौतुक करायला कुणी आलं की तो उठून बाहेर जायचा.

एका सकाळी दोघी जावा भांडी लावत होत्या. धाकटी पाठमोरीच म्हणाली, “झालं समाधान?”

खरं तेच केलं, देवाला स्मरून केलं, नियम होता, असं बरंच काही थोरलीला सांगता आलं असतं. लोकांना ती तेच सांगत होती.

“हो,” ती म्हणाली. “झालं.”

धाकटीने वळून पाहिलं. मग पुढची थाळी पुसायला घेतली.