मिस्त्रीची पिकअप आणि आमची खंडेनवमी

गाडी कधी चालू होणार, असं कोणी विचारलं की तो हातातलं काम न थांबवता हनुवटीनं गाडीकडे खूण करायचा आणि म्हणायचा, "तिला विचारा." विचारणारा हसून पुढे जायचा. मी मात्र एकदा उत्तर ऐकायला थांबलो आणि तिथून आमची ओळख वाढली.

त्याला सगळे मिस्त्रीच म्हणत. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. समोर बसलेल्यापेक्षा समोरच्या यंत्राशी जास्त बोलणारा, आणि तरीही ज्याच्या शेजारी बसावंसं वाटतं असा.

पन्नास सालच्या आसपास आम्ही डोंबिवलीत, कोपरच्या अंगाला एका वाडीत राहत होतो. पाच बिऱ्हाडं, एक विहीर आणि मागे थोडी मोकळी जागा. त्या जागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्री राहायचा. लढाईच्या दिवसांत तो कल्याणला लष्कराच्या वर्कशॉपात होता. लढाई संपली, कॅम्प उठला, तसं त्याचं कामही उठलं. तिथल्या मोडीतून त्याला ही पिकअप मिळाली. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा, आणि वय लढाईच्याही बरंच आधीचं. बैल जुंपून ती वाडीत ओढून आणली तेव्हा सीटखाली कोंबडीची चार अंडी निघाली. ती त्यानं माझ्या बायकोला आणून दिली आणि सांगितलं, "वहिनी, गाडी अगदीच रिकामी नाही आली."

गाडी चालली की तिच्यावर मालवाहतूक करायची आणि मुरबाडकडे गावी राहिलेल्या बायकोला इकडे आणायचं, एवढाच त्याचा बेत होता. नाही चालली तर शेड सोडून आपणच गावी जायचं. गावी जमीन नव्हती. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही चाकाचे नट सोडवता सोडवता.

मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. तो पत्रा घासत असताना मी रंगाचे थर मोजले. वर लष्करी हिरवा, त्याखाली राखाडी, मग निळा आणि अगदी तळाशी तांबडा. चार थर झाले, असं मी सांगितलं तर म्हणाला, "बाईमाणसाचं वय काढू नये, भाऊसाहेब."

वाडीचे मालक तसे भले. पण मागच्या जागेत त्यांना दोन खोल्या बांधायच्या होत्या आणि दीड वर्ष ते थांबले होते. गणपती झाल्यावर त्यांनी शेवटचं सांगितलं. दिवाळीच्या पाडव्याला गाडी स्वतःच्या चाकांनी फाटकाबाहेर गेली पाहिजे. नाही गेली तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल. मिस्त्रीनं मान हलवली आणि त्याच दिवशी इंजिन खोललं.

त्याची काम करण्याची एक पद्धत होती. शेडमध्ये जमिनीवर त्याच्या बायकोचं एक जुनं चौकड्यांचं लुगडं अंथरलेलं असायचं. इंजिनातून जो तुकडा निघेल तो एका ठरावीक चौकडीत जायचा. लिहिणं नाही, खूण नाही. आमच्या दृष्टीनं तो तेलकट पसारा होता.

नवरात्रात अष्टमीला तो गावी गेला. जाताना माझ्या बायकोला एवढंच म्हणाला, "वहिनी, उद्या खंडेनवमी. माझ्या हत्यारांना दोन फुलं वाहा."

खंडेनवमीला हत्यारं स्वच्छ करून पूजायची, हे आपल्याकडे सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शेडमध्ये गेलो. पाने, हातोडे पुसून झाले. मग बायकोची नजर लुगड्यावर गेली. देवापुढे ठेवायचं आणि असं काळंकुट्ट? तिनं रॉकेलची बाटली, राख आणि काथ्या आणला. दुपारपर्यंत एकेक तुकडा समईसारखा लखलखायला लागला. पुसून, खोबरेल लावून ती माझ्याकडे देत होती आणि मी पाटांवर मांडत होतो. अर्थातच आकारानुसार. लहान पुढे, मोठे मागे, सारखे एका रांगेत. एकशे त्रेचाळीस भरले. लुगडंही तिनं धुऊन वाळत घातलं. झेंडूची फुलं वाहिली, उदबत्ती लावली, आणि आम्ही समाधानानं घरी आलो.

दसऱ्याला दुपारी मिस्त्री परतला. मी सोनं द्यायला गेलो तर तो दारातच उभा होता. मग आत जाऊन त्यानं आधी पूजेला नमस्कार केला.

"हे कोणी मांडलं?"

"मी," मी म्हणालो. "एकशे त्रेचाळीस आहेत. मोजून घ्या."

"एकही हरवलं नाही?"

"एकही नाही."

"मग निम्मं काम झालं म्हणायचं," तो म्हणाला आणि माझ्या हातातलं सोनं घेऊन त्यानं मला वाकून नमस्कार केला.

उरलेलं निम्मं काय, ते मला संध्याकाळी कळलं. बाकीचं सगळं तो डोळे मिटून जोडू शकत होता. अडचण व्हॉल्व्हची होती. इंजिनात झाकणासारखे आठ व्हॉल्व्ह असतात आणि वर्षानुवर्षं एकाच जागी आपटून प्रत्येकाची आपल्या बैठकीशी घडी बसलेली असते. दुसऱ्याच्या जागी बसवला तर फट राहते आणि दम निघून जातो. कुठला कुठे, हे ती चौकडी सांगत होती. मी आठही शेजारी शेजारी नीट उभे केले होते.

मी मान खाली घालून हिशेब केला. आठ जागी आठ व्हॉल्व्ह बसवायचे चाळीस हजार तीनशे वीस प्रकार. आकडा मी त्याला सांगितला.

तो हसला. "एवढे नाहीत हो. चार आत घेणारे, चार बाहेर टाकणारे. दोघांची डोकी वेगळी दिसतात."

"मग पाचशे शहात्तर."

"तेही नकोत. आठ नव्या जोड्या लावू. नव्यानं घासून बसवू. पण हाताचं काम आहे, आणि हात दोनच."

दसऱ्यापासून पाडवा एकविसावा दिवस. मी म्हणालो, हात सहा आहेत.

बैठकीला कुरुंदाच्या बारीक पुडीचा पातळ लेप लावायचा, व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या खाचेत लाकडी दांडी बसवायची आणि ती दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची. मग व्हॉल्व्ह पुसून त्याच्या काठावर पेन्सिलीच्या रेघा मारायच्या आणि पुन्हा एकदा फिरवून पाहायचा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या तर बैठक बसली. मी तिसऱ्या जागेचा व्हॉल्व्ह घेतला. चार संध्याकाळी घासूनही तीन रेघा तशाच. बायको उंबऱ्यात बसून बघत होती.

"अहो, ताक असं घुसळलंत तर लोणी पुढच्या वर्षी येईल," ती म्हणाली आणि पदर खोचून उठली.

रवी फिरवण्यात तिची बावीस वर्षं गेलेली. तिच्या तळव्यांत दांडी सारखी फिरायची, दाब कमी नाही, जास्त नाही. आपला पहिलाच व्हॉल्व्ह तिनं दीड दिवसात बसवला. मिस्त्रीनं रेघा पाहिल्या, मग वरून रॉकेल ओतून थेंब झिरपतो का ते पाहिलं. झिरपला नाही. त्यानं दुसरा व्हॉल्व्ह तिच्यापुढे ठेवला. आठांपैकी सहा तिनं केले, एक त्यानं, एक मी. तो तेवढे दिवस बाकीची गाडी जोडत राहिला.

पाडव्याला सकाळी मालक नवं धोतर नेसून ओट्यावर येऊन बसले. मिस्त्रीनं पुढे हँडल लावलं. मी मोजत होतो. अठरा वेळा नुसता फुसका आवाज आला. एकोणिसाव्या वेळी गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली. बायकोनं हात जोडले. मिस्त्री बॉनेटला कान लावून उभा.

"एक जण अजून टकटक करतोय," तो म्हणाला. "तिसरा. तुमचा, भाऊसाहेब."

फाटकाबाहेर जाताना पुढच्या सीटवर त्यानं माझ्या बायकोला बसवलं. मी हौद्यात उभा राहिलो. मालक बाजूला झाले आणि त्यांनी फाटक स्वतः धरलं.

त्यानंतर तो आमच्या वाडीत राहिला नाही. कल्याणला जागा मिळाली आणि गाडी तिथेच उभी राहू लागली. महिन्याभरानं मालकांनी खोल्यांच्या विटा आणायच्या ठरवल्या. वाहतुकीला त्यांनी मिस्त्रीलाच निरोप धाडला, दुसऱ्या कोणाला विचारलंही नाही.

रविवारी सकाळी पिकअप आली. आता ती निळी होती. पुढे त्याची बायको बसली होती, मांडीवर कापडात बांधलेला डबा घेऊन. ती उतरून आमच्या घरात गेली आणि तो मागे विटा उतरवू लागला. दीड वर्ष गाडी जिथे उभी होती, बरोबर त्याच जागी. विटा रचून झाल्यावर त्यानं पायानं माती उकरून पाहिली. वीतभर खालीही ती काळीच होती.

"मालक," तो म्हणाला, "इथं पाया जरा खोल घ्या. माझ्या तेलानं जमीन मऊ झालीय."