पेंढ्याला सुटलेला घाम

"गेलं ते परत आलं पाहिजे," आक्का म्हणायची. शेजारी गेलेली वाटी असो, नाहीतर माल घेऊन गेलेला ट्रक.

मातीचे पेले करणाऱ्या कारखान्यात बांधणीची खोली तिची. उंच खिडकी, गवताचा वास, भिंतीलगत लाकडी पेट्यांची उतरंड. पेल्यांना ती पेंढ्यात निजवायची, तान्ह्या पोरांसारखं. दुकानात पेटी रिकामी झाली की पेंढा तिथल्या गोठ्यात जाई, आणि पेटी त्याच ट्रकने माघारी येई. ट्रक चालवायचा तिचा धाकटा भाऊ. तो आक्का म्हणे, म्हणून सगळे आक्का म्हणू लागले.

मग थर्माकोल आला. पेट्या माळ्यावर चढल्या. तिकडे दुकानामागे पांढरा ढीग वाढला. वारा सुटला की गल्लीभर गोळ्या. शेवटी दुकानदारानेच निरोप धाडला, "पेट्याच पाठवा. माल खराब निघाला तर मात्र पुन्हा थर्माकोल."

कारखान्याच्या मालकांनी आक्काला बजावलं, "पेट्या चालल्या तर खोली तुझी. नाहीतर तिथं थर्माकोलचं गोदाम."

पहिली खेप गेली तशीच परत आली. फुटला एकही नव्हता, पण पेल्यांच्या कोऱ्या अंगावर बुरशीचे ठिपके.

भाऊ म्हणाला, "घे आक्का, गेलं ते परत आलं. न विकताच!"

"दात काढू नकोस," म्हणत तिने पेटीत कोपरापर्यंत हात घातला. पेंढा ओलसर. तिच्या लगेच ध्यानात आलं. अंगणात कडकडीत वाळवलेला पेंढा तिने घाईघाईत गरम-गरमच कोंबला होता. झाकण ठोकलं आणि त्याला आत घाम सुटला.

ती तडक मालकांकडे गेली. "चूक माझी आहे, पेटीची नाही. पेंढा सावलीत निववून भरते. अजून एक खेप द्या."

"आणि तीही बिघडली तर?"

"तर खोलीची किल्ली तुमच्या टेबलावर."

दुसऱ्या खेपेबरोबर ती स्वतः ट्रकमध्ये बसली. किल्ली मुठीत. दुकानापुढे भावाने ट्रकचा मागचा फाळका पाडला आणि पेटी हळूच उचलू लागला.

"सोड ती," आक्का म्हणाली.

"अगं, पेल्यांची आहे!"

"मीच भरलीय. सोड."

तो सोडेना, तसा तिनेच धक्का दिला. पेटी धाडकन खाली. दुकानदाराने कपाळावर हात मारला. "बाई, चुराडा केलात की!"

"आधी उघडा तर."

त्याने झाकण उचकटलं. एक पेला काढला, वास घेतला, अंगठ्याने घासला, नखाने टिचकी मारली. पेला खणखणला. मग दुसरा. मग तो एकेक पेला काढून फळीवर मांडत राहिला.

"थर्माकोल विसरा आता," भाऊ म्हणाला.

"विसरलो कधीच," दुकानदार हसला. "पुढची खेप कधी आणता, बाई?"

आक्काने तळातला पेंढा कवेत गोळा केला. "रिकामी पेटी ट्रकमध्ये चढवा, मग बोलू," म्हणाली आणि गोठ्याच्या वाटेला लागली.

हातात पेला धरून दुकानदार बघत राहिला, फाळक्याला टेकून भाऊ. पेंढ्याच्या काड्या तिच्या मागे गल्लीत पडत होत्या, आणि ती मागे वळली नाही.