कडू घास कुणाच्या हातचा

त्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं होतं. आमच्या चिकलठाण्याच्या वस्तीत पाणी रोज येत नाय. आलं की हातातलं काम टाकून भरायला लागतं. माझी बायको पाइप धरून उभी होती, मी ड्रम सरकवत होतो.

"अहो, ड्रम सांडतोय, डोळे कुठं हायत?"

"डोळे ड्रमावरच हायत. पाइप तुझ्या हातात हाय."

"मग बास म्हणायला तोंड नाय का?"

जन्मभर आम्ही पाणी असंच भरलं, भांडत. शेवटची कळशी भरली तशी ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, छातीत भरल्यावानी वाटतंय. मी म्हटलं, वाकून वाकून झालं असंल, बस जरा. शेजाऱ्यानं रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरनं तिचा हात धरला आणि खाली ठेवला. तो काही बोलायच्या आत मला कळलं.

ती कशी देवमाणूस होती असलं काही मी लिहिणार नाय. तापट बाई होती. मला दोन शब्द ऐकवल्याशिवाय तिला चहा गोड लागायचा नाय. मी लिहितोय ते त्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरात जे झालं त्यासाठी. भावकीत ते उलटंसुलटं सांगत फिरतायत. माझी शाळा दुसरीपर्यंत, पुढं बापानं मेंढरांमागं लावलं. शुद्धलेखन ज्याला तपासायचंय त्यानं खुशाल तपासावं. पण झालं ते असं झालं.

आम्ही मूळचे सिल्लोडकडचे, मेंढरंवाले. मेंढरं संपली तसा मी इथं एका कंपनीत माल उतरवायच्या कामाला लागलो. मूलबाळ झालं नाय. थोरला भाऊ, अण्णा, मागनं आला आणि मागच्याच गल्लीत राहिला. एकदा कंपनीत अंगावर गठ्ठा पडला आणि माझं खुब्याचं हाड मोडलं. मी खाटेवर पडलो. ती मला उचलणार, का कामाला जाणार? अण्णा दोनदा येऊन बसून गेला. "धीर धर," म्हणाला. धीर काय भाकरीवर घालून खायचा?

तवा चर्चच्या बाया आल्या. आमच्या वस्तीच्या पलीकडं एक चर्च हाय. त्याच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली रोज स्वयंपाक होतो आणि जे खाटेवर पडलेत, ज्यांचं करणारं कुणी नाय, त्यांच्या घरी डबा जातो. ते बघणारी एक ठेंगणी, काळी, दणकट मावशी होती. ती डबा घेऊन दारात उभी राहिली.

मी खाटेवरनंच ओरडलो, "आम्ही भिकारी नाय."

"दादा, भिकारी दुसऱ्याच्या दारात जातो," ती म्हणाली. "आत्ता दारात कोण उभंय? मी. मग भिकारी कोण?"

"आणि बदल्यात? तुमच्या येशूचं नाव घ्यायचं का?"

"डाळ पातळ झालीय. आधी तिला नावं ठेवा, येशूचं मग बघू."

माझी बायको हसली. किती दिवसांनी हसली. डबा आत आला.

मी उठून चालायला लागेपर्यंत तो येत राहिला. बाप्तिस्मा घ्या असं कुणी म्हटलं नाय, मीबी घेतला नाय. आमचा देव आमच्या देव्हाऱ्यात होता तसाच राहिला. एकदा बाहेरगावचे कुणी देणगीवाले आले. ते म्हणाले, डबा हातात घेऊन आजोबा-आजींचा फोटो पायजे. मी म्हटलं, "काढा की. पण शेजारी मांडी घालून बसा, याच डब्यातलं खा, मग दोघांचा काढा." चर्चचे पाळक जवळच उभे होते. ते देणगीवाल्यांना घेऊन बाहेर गेले. त्यानंतर आमच्या वस्तीत फोटोवाला आला नाय. हे मी चर्चच्या तोंडावर सांगितलंय, इथंबी सांगतो. मदत करणाऱ्याचीबी चूक दाखवावी. मिंधं होऊन खाल्लेलं अंगी लागत नाय.

मी बरा झालो तसं तिनं त्या शेडमधे जायला सुरवात केली. सकाळी जायची, भाजी चिरायची, भांडी घासायची, दुपारी परत. मी विचारलं, तुला काय देतात? म्हणाली, "शिव्या. मीठ जास्त पडलं की मावशी शिव्या देते." पण जायची सोडली नाय. भावकी म्हणाली, किरिस्ताव झाली. ती म्हणायची, "झाले तर तुमच्या बापाचं काय गेलं?"

आता ती संध्याकाळ. दुपारी तिला अग्नी दिला. घरी आलो, लिंबाचा पाला चावला, जिथं तिला ठेवलं होतं तिथं दिवा लावला. आमच्यात त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. सोयरे नायतर भावकी पिठलं-भाकर करून आणतात आणि दुःखातल्या माणसाला पहिला घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. तो घास कुणीतरी आणावाच लागतो. आणला नाय तर त्या घराला कुणी नाय, असा त्याचा अर्थ.

अण्णाच्या घरनं भाकर यायची होती. वहिनी करत होती. तेवढ्यात मावशी आणि आणखी दोघी बाया आल्या. डोक्यावर भाकरीची पाटी, हातात पिठल्याचं पातेलं. त्याबी आपल्याकडच्याच, त्यांना ही रीत काय शिकवायची? मावशीनं पाटी खाली ठेवली आणि दिव्यापुढं बसली. रडली नाय. "मीठ बरोबर घातलंय गं आज," एवढंच दिव्याला म्हणाली.

अण्णा भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "ते बाहेर ठेवा. आमची भाकर येतीय."

मावशी उठायला लागली. मी म्हटलं, "बसा."

"आरं, सुतकाचं घर हाय," अण्णा म्हणाला. "पहिला घास भावकीचा. किरिस्तावांचा चालत नाय."

त्याला येशूचं वावडं नव्हतं. अण्णाच्या घरात नाताळचा केक खाल्लेला मी बघितलाय. त्याला वावडं होतं त्या बायांच्या आज्या-पणज्यांचं, त्या गावाच्या कुठल्या टोकाला राहायच्या त्याचं. तोंडावर किरिस्ताव, पोटात जात. हे त्यालाबी माहीत होतं, मलाबी, आणि त्या बायांना सगळ्यांच्या आधी.

"यांचा घास घेतलास तर दहाव्याला आमच्यातलं कुणी येणार नाय," तो म्हणाला. "कावळ्यापुढं एकटाच बस. आणि तू मेल्यावर खांद्याला चार माणसं कुठनं आणतोस तेबी बघून ठेव."

खोटं कशाला बोलू, मी भ्यालो. मूलबाळ नसलेल्या माणसाला भावकी म्हणजे काय असते ते ज्याचं त्याला ठाऊक. पातेल्याकडं बघत मी गप्प बसलो. अण्णाला वाटलं, जिंकलो. तो पाय लांब करून बसला.

ते पाय बघून माझं डोकं फिरलं.

"अण्णा," मी म्हटलं, "कोरोनात सगळं बंद होतं, तुझ्या पोरांची कामं गेली होती, तवा तुझ्या घरी रोज भाकरी कुठनं येत होत्या?"

"तुझी बायको करून आणत होती."

"आमच्या घरात तरी पीठ कुठं होतं? त्या शेडमधनं आणायची. आपल्या फडक्यात बांधायची आणि मी केल्यात म्हणून तुझ्यापुढं ठेवायची. तुझ्या पोटात याच बायांच्या हातची भाकर हाय. आता काढ बाहेर."

हे कुणाला सांगू नका म्हणून तिनं मला शपथ घातली होती. दिराचा मान राहावा म्हणून. मी तिची राख गार व्हायच्या आत ती मोडली. मला त्याचं वाईट वाटत नाय.

दारात वहिनी उभी होती, भाकरी झाकून आणलेली परात घेऊन. ती कधी आली कुणाला कळलं नव्हतं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

अण्णा वळला. "काय ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी वळखलं. माझ्या जावेच्या हातची भाकर कधी एवढी गोल होती व्हय? तिची कड नेहमी फाटलेली."

"मग बोलली का नायस?"

"बोलून पोरांना काय घालू? तुमची भावकी?"

अण्णा उठला. पायात चप्पल घालताना त्याचा तोल गेला, मी हात पुढं केला, त्यानं झटकला. निघून गेला. वहिनीनं आपली परात मावशीच्या पाटीशेजारी ठेवली. पदर डोळ्याला लावला आणि त्याच्या मागं गेली. तिला तिकडं नांदायचं हाय. मी तिला नाव ठेवत नाय.

मावशीनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि माझ्यापुढं धरला. घास गिळंना. पाणी पिऊन खाली ढकलला. मग दुसरा माझा मी घेतला.

रीतीनं मी दहा दिवस घरात बसायला पायजे, लोक बसायला येणार म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर मी उठलो. पातेलं घासलं, पाटी डोक्यावर घेतली. शेडकडं जायला दोन वाटा हायत. मी मागच्या गल्लीनं गेलो. अण्णा ओट्यावर दात घासत बसला होता, भावकीतले दोघं त्याच्याशी बोलत होते. मी सावकाश गेलो, खुबा दुखतो म्हणून नाय. त्यांना पाटी नीट दिसावी म्हणून.

शेडमधे बाया भाजीला डांगर चिरत होत्या. मला बघून सगळ्या थांबल्या. मावशी म्हणाली, "दादा, सुतकात कशाला आलात? घरी लोक येतील बसायला."

"येतील त्यांना कुलूप दिसंल," मी म्हटलं. "विळी द्या."

एकीनं पाट सरकवला, एकीनं विळी. मी डांगराचं अर्धं पुढ्यात घेतलं आणि चिरायला लागलो. जन्मात भाजी चिरली नव्हती. थोड्या वेळानं मावशी माझ्यामागं येऊन उभी राहिली.

"दादा, फोडी लई जाड होतायत."

मी वर बघितलं नाय. म्हटलं, "शिजतील."