नागपूर उरणपेक्षा जवळ

ताईला नागपूरचं स्थळ सांगून आलं, तेव्हा पाहुण्यांचे चहाचे कप उचलायच्या आधीच आईने मनातल्या मनात नकार ठरवून टाकला होता. मुलगा इंजिनियर, माणसं सालस, ताईला तर तो फारच पसंत. इतका की दोन दिवस तिने माझ्याशी भांडण काढलं नव्हतं. पण आईचं एकच पालुपद, "पनवेलहून नागपूर! ती आजारी पडली तर आपण पोचेपर्यंत बरी होऊन कामालाही लागेल."

बाबा विमानात कधी बसले नव्हते, त्यामुळे विमानाबद्दल अगदी अधिकारवाणीने बोलत. त्यांनी कुठूनसं वेळापत्रक मिळवलं आणि जेवताना जाहीर केलं, "मुंबई-नागपूर सव्वा तास. आपली उरणची एसटी तेवढाच वेळ घेते. वाटेत एखादा ट्रक आडवा झाला तर जास्तच. म्हणजे बघ, नागपूर उरणपेक्षा जवळ!"

पनवेलहून विमानतळ गाठायलाच अर्धा दिवस जाईल, असं मी म्हटलं. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, असं उत्तर मिळालं. पुढे आठवडाभर दूधवाल्यापासून शेजारच्या काकांपर्यंत सगळ्यांना तो सव्वा तास ऐकावा लागला.

रविवारी आई भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "उरणला तुमची सख्खी बहीण आहे. शेवटचं कधी गेला होतात?"

"भाऊबीजेला."

"भाऊबीजेला त्या इथे आल्या होत्या."

"मग पूजेला."

"ते बोलावणं होतं. आपणहून कधी गेलात?"

बाबांनी खुंटीवरचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "चल." एसटीत ते सारखे घड्याळ बघत होते. मला मात्र हसू आवरत नव्हतं.

आत्याने दार उघडलं. हाताला पीठ लागलेलं. आम्हाला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. "दादा? काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही गं. सहज आलो."

"सहज?" म्हणाली, आणि पिठाचे हात तसेच तोंडाला लावून रडायलाच लागली. बाबा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. फार वाईट वाटलं मला.

संध्याकाळी बाबांनी हे सगळं आईला जसंच्या तसं सांगितलं, काही लपवलं नाही. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे. नागपूरला नकार कळवतो." आतल्या दारात ताई उभी होती. तिच्याकडे बघवेना.

"नकार कशाला?" आई म्हणाली. "मुलगा चांगला आहे. द्या मुलगी. पण काही कारण नसताना तिच्याकडे जायचं कबूल असेल तर."

"जाईन."

"विमानाने की रेल्वेने?" मी विचारलं.

"तू गप रे," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पायी का जाईनात. जाऊ देत म्हणजे झालं."