वर बघणारी मामी

मामी बोलता बोलता वर बघायची. समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून तिची नजर सरळ छपराला जायची आणि तिथेच कुठेतरी अडकायची. नव्या माणसाला वाटायचं, बाई शिष्ट आहे, नाहीतर आपलं बोलणं हिला कंटाळवाणं वाटतंय. एका साखरपुड्याला मुलाची आई मोठ्या अगत्याने तिला "बसा ना" म्हणाली, तर मामी उभ्यानेच म्हणाली, "तुमच्या पंख्याच्या बाजूला डाग आहे बघा. वरून पाणी मुरतंय. पुढच्या पावसापर्यंत थांबू नका." त्या बाई वर बघत राहिल्या आणि पेढा द्यायला विसरल्या.

आम्ही मुलं तिला मागून "वर बघणारी मामी" म्हणायचो. तिला ते माहीत होतं. "खाली बघून चालणाऱ्यांच्या डोक्यावर कोणीतरी वर बघणारं लागतं," एवढंच ती म्हणायची.

मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा मला तिच्या वर बघण्याचं कारण कळलं. माझं घर लांज्याच्या पुढे, तिथून रोज रत्नागिरीला जाणं-येणं जमणारं नव्हतं. मामाचं घर पावस गावाच्या रस्त्याला, एसटी दारातून जायची. चिऱ्याच्या भिंती, चिऱ्यांच्या सांध्यांत नुसती माती, वर मंगलोरी कौलं. मामा बोटीवर. वर्षातले बरेच महिने तो कुठल्यातरी समुद्रात असायचा आणि घरी आला तरी नेमका पावसाळा चुकवून यायचा. त्यामुळे छप्पर मामीच्या वाट्याला आलेलं. घरात आणखी एकच माणूस, माझे आजोबा. त्यांना सगळे आबा म्हणायचे. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली होती आणि ते मागच्या खोलीत खाटेवर पडून असायचे. अंग हलत नव्हतं, पण जीभ पूर्वीपेक्षा जोरात चालायची.

मे महिना लागला की मामीचं जेवण कमी व्हायचं. बाहेर आंब्याच्या पेट्या भरायची गडबड, उन्हाने जीव नकोसा झालेला, आणि हिचं लक्ष ढगांकडे. कौलं परतणारा माणूस गावात एकच होता आणि तो सगळ्यांनाच त्याच आठवड्यात हवा असायचा. तो सकाळी लवकर यायचा, कारण दहानंतर तापलेल्या कौलांवर पाय ठेवता येत नसे. तो वर असेपर्यंत मामी अंगणात उभी. "ते बघा, तिथलं फुटलंय. नाय नाय, त्याच्या बाजूचं." तो वैतागून म्हणायचा, "वहिनी, तुम्हीच वर या." एकदा ती खरंच शिडीला लागली होती, मी तिला पदर धरून खाली ओढलं.

पाऊस सुरू झाला की दुसरी चिंता. रोज सकाळी ती आबांच्या खोलीतल्या भिंतीवर तळहात ठेवून फिरायची, लहान मुलाचा ताप बघावा तशी. आबा खाटेवरून बोलायचे, "सून नाय आणली मी, वेधशाळा आणली." मामी म्हणायची, "आबा, तुम्ही भिंतीला टेकून झोपता. मला नको बघायला?" तिला जरा शंका आली की ती आबांना तिथून हलवायची. मी आले त्या वर्षी तिने त्यांना पुष्कळदा ओटीवर आणून ठेवलं आणि काही झालं नाही म्हणून परत नेलं. प्रत्येक वेळी आबांचा संताप व्हायचा. "ही खोली मी बांधलेली आहे. माझ्या हातचा चिरा आहे. इथून मला हलवायचं नाय!"

माकडांशी तिचं उघड वैर होतं. पावसाळ्यात फणसावरून त्यांची टोळी थेट छपरावर उड्या टाकायची आणि कौलं फुटायची. मामीने फटाके लावून पाहिले, पत्र्याचा डबा बडवून पाहिला. मग कोणीतरी सांगितलं म्हणून मोठ्या वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट तिने कौलांवर पसरून बांधलं. पहिला दिवस शांततेत गेला. दुसऱ्या दिवशी जरा उघडीप मिळाली तर एक माकडीण पिल्लू घेऊन त्या वाघाच्या तोंडावर ऊन खात बसली होती. आबांना हे मी सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मामीही हसली, पण हसता हसता वर बघतच होती.

माझ्या दुसऱ्या वर्षी, आषाढात, पाऊस लागला तो थांबेचना. कपडे वाळत नव्हते, दारं फुगली होती, लाईट जाऊन-येऊन होती. त्यातच माकडांनी आबांच्या खोलीवरची कौलं फोडली. अशा ओल्या शेवाळलेल्या छपरावर चढायला कोणी तयार होईना, आणि ते बरोबरच होतं. मामीने आतून, माळ्यावर उभं राहून, फुटलेल्या कौलाखाली पोफळीची विरी सरकवली. सुपारीच्या झावळीचा तो रुंद, चिवट बुंधा पाणी बाहेर वळवतो. गळायचं थांबलं. आबा म्हणाले, "झालं ना समाधान?"

मामीचं समाधान झालं नव्हतं. पाणी खाली पडत नव्हतं म्हणजे ते दुसरीकडे कुठेतरी जात होतं, हे तिच्या डोक्यातून जाईना. ती त्या खोलीत उगाच जायची, यायची. एका सकाळी तिने खोलीचं दार ओढून घेतलं तर ते अर्ध्यावर अडकलं.

"काल लागत होतं गो हे," ती मला म्हणाली.

"पावसाने फुगलं असेल, मामी. सगळीच फुगलीत."

"हे खालून फुगलेलं नाय. वरून दाबलंय."

मी वर बघितलं. मला काहीच दिसलं नाही. तिने मामाला फोन लावला. बोटीवरच्या वायफायवर त्याचा आवाज तुटत तुटत यायचा. सगळं ऐकून तो म्हणाला, "हे बघ, आबांना उगाच हलवू नकोस. ओटीवर वारा लागतो. मागच्या वर्षी त्यांना खोकला झाला होता. तुझं नेहमीचंच आहे हे." फोन ठेवल्यावर ती चुलीपुढे जाऊन लाकडं सारत बसली. नवरा नको म्हणत होता, सासरा नको म्हणत होता, आणि तिच्याजवळ दाखवायला होतं काय, तर एक न लागणारं दार.

मग ती उठली. "बाय, ये. चादरीची दोन टोकं तू धर."

आबांनी त्या दिवशी तिला जे ऐकवलं ते मी इथे लिहिणार नाही. तिच्या माहेरापर्यंत गेले ते. आम्ही दोघींनी त्यांना चादरीसकट ओढत, उचलत ओटीवर आणलं. वाऱ्याच्या बाजूला तिने ताडपत्री बांधली, आबांच्या पायांवर घोंगडी घातली आणि खोलीला बाहेरून कडी लागत नव्हती म्हणून दाराला दोरी बांधली.

आणि काहीच झालं नाही. दुपार गेली, संध्याकाळ गेली. आबांनी जेवायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेजही घेतली नाही, तोंड भिंतीकडे करून पडून राहिले. मध्येच खोकायचे. प्रत्येक खोकल्याला मामी दचकायची. दुपारी ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "माझंच डोकं फिरलंय का गो? खरं सांग. म्हातारा माणूस उपाशी पडलाय माझ्या भीतीपायी."

मला खरं काय ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, "नेऊया परत."

शेजारचे हनीफचाचा, बरीच वर्षं आखातात काढून गावी आलेले, त्यांना तिने हाक मारली. आबांना उचलायला पुरुषमाणूस बरं. चाचा छत्री झटकत आले. मामी म्हणाली, "आधी चहा घ्या, मग नेऊ." चहाचा बहाणा होता. तिचे पाय त्या खोलीकडे वळत नव्हते, हे मला दिसत होतं. चाचा कप हातात घेऊन आबांची समजूत काढत होते, "अहो आबा, सुनेवर रागवायचं काय एवढं? आता नेतोच तुम्हाला," आणि तेवढ्यात आवाज आला.

मोठा धमाका वगैरे नव्हता. कोणीतरी एकामागून एक भाताची पोती टाकावी तसा दबका आवाज. मग कौलं फुटल्याचा खळखळाट, आणि मग फक्त पाऊस, पण घराच्या आतून ऐकू येणारा. चाचांनी दोरी सोडायचा प्रयत्न केला, दार हलेना. आम्ही बाहेरून वळसा घालून गेलो. मागच्या भिंतीचा वरचा भाग आत कोसळला होता आणि त्याच्याबरोबर वासे आणि कौलं. खाटेचे दोन पाय तेवढे दिसत होते. तिच्यावर चिरे पडले होते.

चाचा नुसते "या अल्ला" म्हणाले आणि स्वतःच्या घरची मोठी ताडपत्री आणायला पळाले. मामी तिथेच चिखलात बसली. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "चहा पिऊन झाला असता तर?" आणि पुन्हा तेच, "चहा पिऊन झाला असता तर?"

आबांना सांगावं लागलं नाही. त्यांनी आवाज ऐकला होता. मामी ओटीवर आली तशी ते म्हणाले, "पेज आण. गरम आण." पुढे त्यांनी त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. मात्र रोज संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी ते तिला विचारायचे, "आज वर बघितलंस ना, सूनबाय?" तिनं हो म्हटलं की डोळे मिटायचे.

दिवाळीनंतर मामा आला. त्याने भिंत सिमेंटमध्ये नव्याने बांधून घेतली, नवे वासे, नवी कौलं. खोली पहिल्यापेक्षा चांगली झाली. आबा म्हणाले, "आता मला माझ्या खोलीत न्या."

मामी म्हणाली, "एक पाऊस जाऊ दे, आबा. पाणी मुरतंय की नाय ते कळू दे."

"अगो, बाहेर थंडी पडलीय. पाऊस कुठाय?"

"एकच पाऊस."

मामाने तिला समजावून पाहिलं, पण तो या बाबतीत आता तिच्यावर आवाज चढवत नव्हता. तो बोटीवर परत गेला. आबा अधूनमधून विचारत राहिले, पुढे पुढे नुसतं खोलीच्या दाराकडे बघायचे. शिमग्याच्या आधी, भर दुपारी, ओटीवरच ते गेले.

त्या वर्षी पाऊस आला तसा मामीने स्वतःचा बिछाना आबांच्या खोलीत नेला. मामा फोनवर ओरडला, "तिथे कशाला झोपतेस? घरात काय जागा नाय?" ती म्हणाली, "मला कळायला हवं." पावसाळाभर ती तिथे झोपली. बाहेर धो धो कोसळत असताना मला माझ्या खोलीत झोप लागायची नाही, पण ती काही त्या खोलीतून उठून आली नाही. त्या वर्षी पाऊसही काही कमी नव्हता. हनीफचाचांचं स्वयंपाकघर गळलं, माझ्या खोलीतही कोपऱ्यात ओल आली. आबांच्या खोलीत एक थेंब पडला नाही.

दसऱ्याच्या सुमारास ऊन पडलं तेव्हा ती त्या खोलीतली गादी अंगणात घेऊन आली. माझं शेवटचं वर्ष होतं, मिरजोळ्याच्या एका कंपनीत माझी नोकरी ठरत होती. मी खुशीत होते. म्हटलं, "मामी, बघ, खोली अगदी कोरडी राहिली की."

"हो ना," ती ओटीकडे बघत म्हणाली. "एकदा तरी गळायला हवी होती गो, बाय."

आणि ती हाताने गादी बडवायला लागली. धूळ केव्हाच निघून गेली होती, तरी ती थांबेना. मी जाऊन गादीचं दुसरं टोक धरलं.