फ्रिजवरचा नकाशा

वादळात समुद्राचं पाणी जमिनीवर किती चढेल, हे कॉम्प्युटरवर मांडून पाहणं हे माझं काम. मी बसतो अमेरिकेच्या राजधानीजवळ, हर्नडनला. पाणी चढतं ते दूर, मिसिसिपी नदीच्या मुखाशी. तिथल्या एका लहान गावात काका-काकू राहतात. नात्याने कोणी नाहीत. काका तिथे डॉक्टर होते. पीएचडीच्या काळात मी गवताच्या आणि पाण्याच्या मोजणीसाठी तिथल्या दलदलीत उतरायचो आणि संध्याकाळी चिखलाने माखून त्यांच्या दारात उभा राहायचो. काकू आधी अंगणातल्या पाइपने मला धुवायच्या, मग जेवायला वाढायच्या.

मागच्या दिवाळीला गेलो तेव्हा काकांनी विचारलं, "आमच्या घरात पाणी येईल का रे?" मी लॅपटॉप उघडला, सर्वांत जोरदार वाऱ्याचं वादळ त्यांच्या किनाऱ्यावर सोडलं आणि नकाशा त्यांच्याच प्रिंटरवर छापून दिला. अंगणात घोटाभर पाणी, घर कोरडं. मला थोडं मिरवायचंही होतं, हे कबूल करतो.

यंदा खरंच एक वादळ तिकडे निघालं. फोन केला, तर काका निवांत. "तुझा नकाशा फ्रिजवर आहे. आम्ही कुठेही जात नाही."

मी फोन ठेवला. त्या दुपारी मी नकाशामागचं कॉम्प्युटर मॉडेल नीट तपासायला घेतलं. गावाच्या दक्षिणेला मैलोन्‌मैल उंच गवत दाखवलेलं होतं. गवत पाण्याचा जोर मोडतं, म्हणून घर कोरडं. ती नोंद माझीच, विद्यार्थी असतानाची. उपग्रहाची नवी चित्रं हाताशी होती. पण ते गवत मी स्वतः तुडवलेलं, म्हणून तेवढा तुकडा पुन्हा कधी पाहिलाच नाही.

"काका, घरामागचं गवत आहे ना अजून?"

"कुठलं गवत? तिथे मी आता बोटीतून मासे धरतो."

गवताच्या जागी पाणी भरून मॉडेल पुन्हा चालवलं. पाणी खिडक्यांच्या वर गेलं.

"काका, माझा नकाशा चुकला. आजच निघा."

"मग पीएचडी परत करणार का?" ते हसले. मला हसता येईना.

मागून काकूंचा आवाज आला, "पोर रडकुंडीला आलंय आणि तुम्ही चेष्टा करताय? गाडीची चावी कुठंय?"

ते निघाले. वादळ मात्र आयत्या वेळी पूर्वेला वळलं. त्यांच्या अंगणात घोटाभरच पाणी आलं.

घरी परतल्यावर काकांनी फोन केला. आवाजात कौतुक होतं. "लेका, पहिलाच नकाशा बरोबर होता की तुझा! पुन्हा फ्रिजवर लावलाय."

वादळ वळलं म्हणून वाचलात, नकाशा चूकच आहे, असं परोपरीने सांगितलं. "बरं, बरं," म्हणाले. पेशंटच्या शंका ते असंच म्हणून मिटवायचे.

काल काकूंना विनवलं, तेवढा कागद काढून टाका.

"मी काढला तर हे दुसरा छापतील. तू ये. तुझ्या हाताने काढ."

शनिवारचं तिकीट काढलंय. वादळांचा मोसम अजून संपलेला नाही.