शेवंताआत्याचे पाच दात

दाताच्या डॉक्टरची एक गंमत असते. समोरच्याचं तोंड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही. मग बोलायचं काम आपोआप आपल्याकडं येतं. औंढ्याला दवाखाना टाकल्यापासून मी इतके किस्से सांगितलेत की काही पेशंट आता दात दुखत नसला तरी डोकावतात. "डॉक्टर, ते बरणीचं पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या."

बहुतेक किस्से आमच्या कॉलेजचे. हिंगोली जिल्ह्यातली आम्ही चौघं पोरं एका लांबच्या शहरात डेंटलला होतो. त्यातला गजानन नर्सीकडचा, बऱ्यापैकी जमीनजुमला असलेल्या घरातला. मी सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचा. आई-वडील पुण्याला बांधकामावर, म्हणून मला वाढवलं माझ्या आत्यानं. शेवंताआत्या. गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती.

आत्याचाही एक किस्सा आहे, पण तो मी आजवर अर्धाच सांगत आलोय. फायनलच्या परीक्षेसाठी मी तिचे पाच दात काढले आणि पास झालो, एवढं सांगतो. लोक हसतात. पुढचं मी गिळून टाकतो. आज सगळं सांगतो, पण क्रमानं.

*

आधी एक कबूल करतो. आमच्यातल्या कुणालाच दाताचा डॉक्टर व्हायचं नव्हतं. आम्हाला नुसतं डॉक्टर व्हायचं होतं.

गजाननचा फॉर्म हिंगोलीच्या एका नेट कॅफेत भरला. कॉलेजांची पसंती टाकताना कॅफेवाल्यानं त्याच्या वडलांना विचारलं, "काका, एमबीबीएस संपले. खाली डेंटल बी टाकू का?"

"किती हायेत?"

"लई हायेत."

"मग सगळे टाक. रकाना रिकामा ठिवू नको, दुसरं कोणी घुसल."

असा गजानन बीडीएसला लागला. तोवर घरासमोर बॅनर लागलं होतं, 'भावी हृदयरोगतज्ज्ञ'. गजानन म्हणाला, "अण्णा, ते काढा, मी दाताचा होणार आहे."

अण्णांनी हनुवटीपासून छातीपर्यंत वीत लावून दाखवली. "दात अन् हृदय, अंतर किती हाय? राहू दे."

ते बॅनर आता कडब्याच्या गंजीवर आहे. गावी गेला की गजानन त्या बाजूला बघत नाही.

*

माझं अडलं जात पडताळणीवर. खूप जुना पुरावा लागत होता आणि वडील पुण्याला. आत्या म्हणाली, "तू अभ्यास कर. कागद मी बराबर आणते."

अंगणवाडी सुटली की ती एसटी धरायची. अकरा वेळा हिंगोलीला गेली. शेवटी माझ्या आजोबांच्या शाळेचं रजिस्टर सापडलं, पण ते निजामाच्या काळातलं, सगळं उर्दूत. आत्यानं एक म्हातारे रिटायर मास्तर शोधून काढले आणि मला घेऊन त्यांच्यासमोर बसली. मास्तरसाहेबांनी चष्मा पुसला, बोट फिरवलं.

"नाम तो है बाई, बराबर है. मगर लडका फेल है."

पुढच्या वर्षीचं पान काढलं. "इसमें भी है. फिर फेल."

तिसऱ्या वर्षीही तेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्या मात्र एकेक पान उलटलं की खूश होत होती. कारण साधं होतं. एका वर्षाच्या नोंदीवर कोणी शंका घेतली असती. तीन वर्षं ओळीनं तेच नाव, तीच जात, तेच गाव, मग कोण काय बोलणार?

पडताळणीचं व्हॅलिडिटी सर्टिफिकेट हातात पडल्यावर तिनं गावभर सांगितलं, "माझा बाप तीनदा नापास झाला, म्हणून माझं लेकरू डॉक्टर होऊन राहिलं."

*

आता बरणी.

दुसऱ्या वर्षी आम्हाला सरावासाठी खरे दात लागायचे. माणसांचे, काढलेले. ते ज्याचे त्यानं जमवायचे. सुट्टीत आम्ही ओळखीच्या दवाखान्यांतून दात मागत फिरायचो. गजाननकडं चाळीसेक जमले. ते त्यानं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत औषधात बुडवून घरी माळ्यावर ठेवले आणि सबमिशनच्या आदल्या आठवड्यात न्यायला आला. बरणी होती. धुऊन पुसून पालथी घातलेली.

"आई, यातले दात?"

आई एकदम हळू आवाजात म्हणाली, "कोणाचे होते रे?"

"मला काय माहीत?"

"मलाबी वाटलंच. बिचाऱ्यांचं कोणी न्हवतं वाटतं. मी भटजीला इचारून कयाधूत सोडून आले."

माऊलीनं हळदकुंकू वाहून चाळीस दात नदीत सोडले होते. वर घरी येऊन डोक्यावरून अंघोळही केली होती.

सबमिशनला सरांनी विचारलं, "दात कुठायत?"

गजानन खाली मान घालून म्हणाला, "सर, विसर्जन झालं."

*

तिसऱ्या वर्षापासून पेशंटचा कोटा सुरू झाला. इतके दात काढायचे, इतके भरायचे, इतक्या कवळ्या बसवायच्या. कोटा भरला नाही तर परीक्षेला बसता येत नाही. शहरातली पोरं शेजारीपाजारी गोळा करायची. आम्ही कुणाला आणणार? मग गावाकडून माणसं आणायची पद्धत पडली. गजाननानं एकदा क्रूझर भरून सात म्हातारी माणसं आणली. दुपारचं जेवण आमच्या मेसवर.

त्यात एक आबा होते. त्यांच्या तोंडावरून गजाननचं आणि एका सीनिअरचं वाजलं. केस कोणाची? गजानन म्हणे माणूस माझ्या गावचा, सीनिअर म्हणे नंबर माझा. आबा खुर्चीत आडवे पडून दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. शेवटी त्यांनी तोंडातला कापूस काढला.

"भांडू नका. वरचे तू काढ, खालचे यानं काढू दे. मला तरी काय करायचेत आता?"

सगळं डिपार्टमेंट हसलं, मीही हसलो. तेव्हा ते वाक्य मला फक्त हसण्यासारखं वाटलं होतं.

*

गजाननचं पुढं काय झालं, असं पेशंट विचारतात. त्यानं दोन वर्षं दवाखाना चालवून पाहिला. गावात कोणी ताप घेऊन आलं की 'इथं फक्त दात हायेत' म्हणून परत जायचं, आणि दात घेऊन कोणी यायचं नाही. मग त्यानं खुर्ची विकली आणि त्याच गाळ्यात कृषी सेवा केंद्र टाकलं. डिग्री फवारणीच्या पंपांच्या वर लावली आहे. आता दुकानात गर्दी असते.

"डॉक्टर, कापसावर काय फवारू?"

तो मला म्हणतो, "बघ, डॉक्टर म्हणायला लागले शेवटी." हसत म्हणतो. पण फोनवर एकदा म्हणाला होता, "अजून कोणी जांभई दिली तरी मी तोंडात बघतो, यार." तेव्हा हसला नव्हता.

*

आता आत्या.

फायनलला पूर्ण कवळीची केस लागते. म्हणजे तोंडात एकही दात नसलेला माणूस. माझा ठरलेला पेशंट ऐनवेळी मुलाकडं सुरतेला निघून गेला. परीक्षेला चार महिने होते. नवीन माणूस मिळेना. पेशंट नाही तर परीक्षा नाही, आणि सहा महिने वाया.

दिवाळीला साखऱ्याला गेलो. आत्या वाकळ शिवत बसली होती. दोरा दातानं कटकन तोडला आणि माझ्याकडं बघून हसली. मी तिच्या तोंडात पाहिलं. खोटं कशाला बोलू, आत्या दिसायच्या आधी मला दात दिसले. मिश्रीनं काळे पडलेले. बाकीचे कधीच गेलेले, राहिलेले पाच. वर दोन, खाली तीन, बरोबर समोरासमोर.

मी म्हणालो, "आत्या, दाखव बरं."

बोट लावून बघितलं. मग म्हणालो, "हे हलायलेत गं. आज ना उद्या पडतीलच. काढून घेऊ, मी नवी बत्तिशी बसवून देतो."

आत्या म्हणाली, "हलायलेत व्हय? तू म्हणतो तर हलत असतील."

आठ दिवसांनी ती कॉलेजला आली, अंगणवाडीत रजा टाकून. केस पेपरवर मी लिहिलं, 'दात हलतात'. सरांच्या टेबलाभोवती गर्दी होती. त्यांनी मान वर न करता सही केली.

दात हलत असला तर तो आपणहून हातात येतो. घट्ट असला तर हाताला कळतं. पहिल्या दातालाच मला कळलं होतं. तिथं थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. पाचव्याला पाय रोवून उभा राहिलो. गजानन शेजारी ट्रे धरून होता. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मग ट्रेकडंच बघत राहिला. आत्या माझ्याकडं बघत होती. तोंड उघडं होतं, तिला बोलता येत नव्हतं.

परीक्षेत माझी कवळी चांगली झाली. बाहेरून आलेले सर म्हणाले, "पेशंट फार शांत आहे." मी पास झालो.

पुढचं हे. खालची कवळी मुळातच लवकर बसत नाही, जीभ हलली की उचलते. ते पाच दात ठेवून त्यांच्या आधारानं अर्धी कवळी करता आली असती, आणि ती पक्की बसली असती. हे मला तिसऱ्या वर्षीच शिकवलं होतं. आत्याची कवळी मी नंतर दोनदा नवी करून दिली. तरी ती स्टीलच्या डब्यात असते. लग्नकार्याला, फोटोला घालते. भाकरी वरणात कुस्करते. हुरडा सोडला. भुईमुगाच्या शेंगा तिच्या जिवाभावाच्या, तर त्या दाण्यांसाठी तिनं छोटा खलबत्ता घेतला. वाकळेचा दोरा तोडायला आता कातरी शोधत बसते.

मी तिला कधी खरं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. दर वेळी साखऱ्याला जाताना ठरवायचो आणि दर वेळी तिच्या हातचा चहा पिऊन परत यायचो. तिला वाटतं भाच्यानं भलं केलं, ते तसंच राहू द्यावं, अशी मी माझी समजूत घातली होती.

यंदा आत्याची नात, तिच्या लेकीची लेक स्नेहल, बीडीएसला लागली. साखऱ्याला सगळे जमलो. गजाननही आला. ओल्या शेंगा भाजल्या होत्या. मी बरणीचा किस्सा सांगितला, गजाननानं आबांचा सांगितला, सगळे पोट धरून हसले. आत्याही हसत होती, सोललेले दाणे खलबत्त्यात टाकत.

स्नेहलनं विचारलं, "मामा, मग मी पेशंट कुठून आणू?" आणि लगेच आत्याच्या गळ्यात पडली. "आजी, तू येशील ना माझ्या परीक्षेला? मामासाठी गेली होतीस तशी?"

"आता काय राहिलंय बाई माझ्याकडं?" आत्यानं बोळकं उघडून दाखवलं. "पाच होते. मामानं लई जोर लावला तवा निघाले."

तिनं दाणे कुटायला घेतले.

"एक बी हलत न्हवता. पर लेकराची परीक्षा होती ना."